न्यायासनाचा हात कोठवर पोचतो?

न्यायसंस्थेच्या सामर्थ्याविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन परस्परविरुद्ध समजुती नांदत असलेल्या दिसतात. पहिली अशी की, वरिष्ठ न्यायालयाच्या तोंडून शब्द निघाला की तो ब्रह्मवाक्य झाला. मग समोर राजा असो वा मंत्री असो, त्याने मान तुकविलीच पाहिजे. दुसरी समजूत हिच्या अगदी उलट. कोर्टे म्हणजे नुसती शोभेची. ज्याच्या हाती फौज आणि खजिना, त्याचाच कायदा. वर्तमानपत्रातील एखाद्या निकालाची बातमी वाचून कोणी पहिल्या समजुतीचा होतो, तर कोणी दुसऱ्या. पण ह्या प्रश्नाचा विचार चालू क्षणाच्या रागलोभावरून करणे फारसे हितावह नाही. त्यासाठी थोडे मागे जावे, आणि जेथे न्यायासन व राज्यासन उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले असे एखादे प्रकरण निवांतपणे पाहावे. असे एक प्रकरण आमच्या महाराष्ट्रातच, पेशवाई बुडून उणीपुरी दहा वर्षे होतात न होतात तोच, घडून आले. मोरो रघुनाथाचे प्रकरण ह्या नावाने ते कायद्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. मात्र आपल्या सामान्य वाचकांस त्याची फारशी ओळख नाही.

त्या काळी मुंबई इलाख्यात दोन प्रकारची न्यायालये होती, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाचे न्यायालय होते. १७९८ साली स्थापन झालेल्या रेकॉर्डरच्या कोर्टाच्या जागी १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट निर्माण झाले आणि १८२४ साली ते सुरू झाले. त्याचे न्यायाधीश राजाने नेमलेले, विलायतेत वकिली केलेले, आणि कंपनी सरकारचे आपण नोकर नव्हे ह्याची पुरती जाणीव असलेले असत. बेटाबाहेर, म्हणजे ज्याला मोफसल म्हणत त्या मुलखात, कंपनीच्या स्वतःच्या अदालती होत्या. त्यांचे न्यायाधीश कंपनीचे मुलकी नोकर, आणि त्यांचा कायदा म्हणजे एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकिर्दीत १८२७ साली तयार झालेले रेग्युलेशनांचे पुस्तक. एकाच इलाख्यात एक न्यायालय राजाचे व दुसरे कंपनीचे. ह्या दोहोंच्या मधली हद्द सनदेत शब्दांनी आखलेली होती. परंतु शब्दांची हद्द व जमिनीवरील हद्द ह्यांत नेहमीच थोडे अंतर राहते, आणि तंट्याला तेवढे अंतर पुरते.

त्यात दख्खनची परिस्थिती अधिकच नाजूक होती. बाजीरावाचे राज्य घेताना कंपनीने तेथील सरदार-जहागीरदारांस त्यांचा मानमरातब राखण्याचे वचन दिले होते. ह्या सरदारांना साध्या अदालतीत साध्या माणसाप्रमाणे खेचले जाऊ नये म्हणून त्यांच्या वर्गवाऱ्या लावल्या होत्या, आणि त्यांच्या दाव्यांसाठी सरदारांचा एजंट ह्या नावाचा वेगळा अधिकारी नेमला होता. हे औदार्य म्हणावे की धूर्तपणा म्हणावा, हा मतभेदाचा प्रश्न आहे. नव्याने जिंकलेल्या मुलखात जुन्या मानकऱ्यांस दुखवू नये हे राज्यकर्त्याचे शहाणपण त्यात होते, एवढे मात्र खरे.

अशा ह्या पुण्यात पांडुरंग रामचंद्र नावाचे एक सरदार राहत असत. त्यांच्या कुळातील मोरो रघुनाथ हा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या ताब्यात होता. मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार त्याच्या काही आप्तांनी केली आणि १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली. कोर्टाने पांडुरंग रामचंद्रांच्या नावे हेबिअस कॉर्पसचे रिट काढले. ह्या लॅटिन नावाचा अर्थ सोपा आहे. ज्याला तू अडकवून ठेवले आहेस त्याचा देह आमच्यासमोर आण आणि कोणत्या अधिकाराने अडकविलेस ते सांग, असा तो हुकूम. इंग्रजांच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा सगळा इमला ह्या एका हुकमाच्या पायावर उभा आहे, असे त्यांचे कायदेपंडित अभिमानाने सांगत. त्याच सुमारास दुसरेही एक रिट निघाले. बापू गणेश नावाच्या एका कैद्यास कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते; त्याच्याविषयी तेथील जेलरला जाब विचारण्यात आला होता.

वरवर पाहता दोन्ही प्रकरणे किरकोळ. एक पोर व एक कैदी, ह्यांवरून राज्याचे आसन डळमळावे असे त्यांत काय होते? परंतु मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने त्यातले मर्म तत्काळ ओळखले. पुण्याचा सरदार मुंबईच्या कोर्टाच्या बेलिफाने बोलावता येतो असे एकदा ठरले, तर वचने देऊन शांत केलेला सगळा दख्खन उद्या बिथरेल. आणि कंपनीच्या अदालतीने तुरुंगात घातलेला माणूस मुंबईचे कोर्ट सोडवू शकते असे ठरले, तर मोफसलातील एकाही अदालतीच्या शिक्षेला किंमत राहणार नाही. माल्कमने कौन्सिलचा विचार घेऊन पुण्याच्या अधिकाऱ्यांस बजावले की, ह्या रिटाची अंमलबजावणी होऊ द्यावयाची नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. ऑक्टोबर १८२८ च्या आरंभी त्याने व त्याच्या कौन्सिलने न्यायाधीशांनाच पत्र लिहिले. त्यात आशय असा की, राज्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमच्यावर असल्यामुळे विलायतेहून निर्णय येईपर्यंत अशी रिटे आम्ही बजावू देणार नाही; तरी आपणही ती काढू नयेत.

येथे माल्कमची चूक कोठे झाली हे नीट पाहिले पाहिजे. कोर्टाला अधिकार नाही असे त्याचे मत असणे, ही चूक नव्हे. ते मत वकिलामार्फत भर कोर्टात मांडावयाचे सोडून त्याने न्यायाधीशांना परस्पर पत्र धाडले, आणि निकाल अमुक द्यावा हे त्यांना सुचविले, ही चूक होय. त्या वेळी चीफ जस्टिस सर एडवर्ड वेस्ट नुकताच, ऑगस्टमध्ये, वारला होता. मागे राहिलेल्या सर चार्ल्स चेंबर्स व सर जॉन पीटर ग्रँट ह्या दोघांनी ते पत्र उघड न्यायासनावरून धिक्कारले. राजाच्या न्यायाधीशास राजाच्याच प्रजेपैकी कोणी, मग तो गव्हर्नर का असेना, असे लिहू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर आठवडाभरातच चेंबर्सही वारला. दोन-अडीच महिन्यांत दोन न्यायाधीश गेले. ग्रँट एकटा उरला.

ह्या एकट्या माणसाविषयी वाचताना आमच्या मनात आदर व खेद अशा दोन्ही भावना येतात. तो स्कॉटलंडचा, स्वभावाने तापट, पण आपल्या पदाविषयीची त्याची निष्ठा खोटी नव्हती. त्याची भूमिका अशी की, ह्या मुलखातील प्रत्येक माणूस राजाची प्रजा आहे. प्रजेच्या देहाचे रक्षण हा राजाचा धर्म आहे. आणि येथे तो धर्म चालविण्यासाठी राजाने आपले न्यायालय बसविले आहे. मग पुण्याचे पोर राजाच्या रक्षणाबाहेर कसे? तत्त्व म्हणून हा विचार किती उदात्त आहे! पण न्यायाधीशाला तत्त्वाबरोबर सनदही वाचावी लागते, आणि सनदेत त्याचा अधिकार मुंबई बेट व ठरावीक वर्गातील माणसे एवढ्यापुरताच होता. रिट बजावले जाईना, तेव्हा ग्रँटने राजाकडे अर्ज केला, आणि १ एप्रिल १८२९ रोजी असे जाहीर केले की, राजाच्या हुकमाचा जेथे अवमान होतो तेथे राजाचे न्यायालय चालू शकत नाही. सबब आजपासून कोर्ट बंद. गव्हर्नराने न्यायाधीशाचा हुकूम मोडला, म्हणून न्यायाधीशाने न्यायच बंद केला! मुंबईतील ज्या व्यापाऱ्यांचे व गरिबांचे दावे चालू होते, त्यांचा ह्या भांडणाशी काही संबंध नव्हता. परंतु किंमत त्यांनी मोजली.

असेच भांडण पन्नास वर्षांपूर्वी बंगाल्यातही झाले होते. १७७९-८० साली कासिजोड्याच्या राजावर कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला, तेव्हा वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने कोर्टाच्या माणसांना अडविण्यासाठी चक्क शिपाई पाठविले होते. त्याचा शेवट पार्लमेंटने १७८१ साली कायदा करून कोर्टाचे पंख छाटण्यात झाला. इतिहासाचा हा धडा ग्रँटच्या समोर होता. पण धडा समोर असला म्हणून तो मनास पटतोच असे नाही.

प्रकरण विलायतेत प्रिव्ही कौन्सिलसमोर गेले आणि मे १८२९ मध्ये तेथे निर्णय झाला. तो थोडक्यात असा. सुप्रीम कोर्टाला हे रिट दोनच प्रकारच्या माणसांवर काढता येईल: एक, जो कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहतो त्याच्यावर, आणि दोन, जो हद्दीबाहेर असला तरी व्यक्तिशः कोर्टाच्या अधिकाराखाली येतो त्याच्यावर. कंपनीच्या अदालतीच्या जेलरवर ते काढता येणार नाही, आणि त्या अदालतीने तुरुंगात घातलेल्या माणसास सोडण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला नाही. सबब दोन्ही रिटे अयोग्य. म्हणजे कायद्याच्या बाजूने ग्रँट हरला.

परंतु ह्या निर्णयाच्या आगेमागे जे घडले ते तितके शोभादायक नव्हते. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो ह्याने, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागण्यापूर्वीच, माल्कमला एक खाजगी पत्र लिहिले. कंपनीच्या बाजूचे कायदेपंडित म्हणून काम पाहिलेले ड्यूअर ह्यांना चीफ जस्टिस नेमले आहे व दुसरेही एक न्यायाधीश पाठवीत आहोत; आता दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये एखादा रानहत्ती चालवीत न्यावा तसा ग्रँट चालेल, असा त्यात मजकूर होता. हे पत्र फुटले, छापले गेले, आणि विलायतेत त्याचा बराच गवगवा झाला. होणारच. अधिकाराची हद्द कायद्याने ठरविणे वेगळे, आणि न्यायासनावर माणसाळलेली माणसे बसविणे वेगळे. पहिल्याने न्यायालय मर्यादित होते. दुसऱ्याने ते नाहीसे होते.

आता ह्या सगळ्या धामधुमीत त्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्या प्रश्नाकडे गव्हर्नराने पाहिले नाही, न्यायाधीशाने पाहिले नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलला ते पाहण्याचे कारण नव्हते. त्याला खरोखर कोंडले होते काय, ह्याची चौकशी कोणत्याही न्यायासनासमोर झालीच नाही. मोठ्या संस्थांच्या मानापमानात लहान माणसाचे गाऱ्हाणे असे हरवते. आमच्या मते ह्या प्रकरणातील खरी शोकांतिका हीच.

ह्या निर्णयाचे परिणामही दूरवर गेले. मुंबई, कलकत्ता, मद्रास ह्या शहरांत राहणाऱ्यास जे संरक्षण होते, ते मोफसलातील सामान्य प्रजेस पुढे कित्येक वर्षे लाभले नाही. १८६२ साली सुप्रीम कोर्ट व सदर अदालत एक होऊन मुंबईचे हायकोर्ट झाले; तरी बंदिवानास हजर करविण्याचा हा उपाय फौजदारी कायद्याच्या ४९१ व्या कलमाने सगळ्या मुलखास खुला झाला तो १९२३ साली. म्हणजे १८२९ पासून मोजले तर चौऱ्याण्णव वर्षे गेली. आमच्या वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावाची गोष्ट आणखी निराळी. मोरो रघुनाथाच्या वेळी हा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. १८५४ साली तो इंग्रजांनी खालसा केला. आणि नागपुरास हायकोर्ट आले ते थेट १९३६ साली. रोहण्याच्या शेतकऱ्यास, तू मला कोणत्या अधिकाराने अडकविलेस, हे सरकारास विचारण्याची सोय किती उशिरा झाली हे ह्यावरून दिसेल. १९५० च्या राज्यघटनेने २२६ व्या अनुच्छेदात हा अधिकार हायकोर्टांना, आणि ३२ व्या अनुच्छेदात सुप्रीम कोर्टाला दिला, तेव्हा ग्रँटचे तत्त्व अखेर सनदेत लिहिले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण तत्त्व लिहिले गेले म्हणून प्रश्न मिटला काय? नाही. हद्दीची मर्यादा गेली, तरी दुसऱ्या मर्यादा उरल्याच. त्यातील एक आमच्या डोळ्यांसमोर आणणारे प्रकरण मुंबई इलाख्यातलेच आहे. महायुद्धाच्या काळात केशव तळपदे ह्यांस भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली स्थानबद्ध केले होते. एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने, सर मॉरिस ग्वायर चीफ जस्टिस असताना, तो नियमच मूळ कायद्याच्या बाहेरचा आहे असा निकाल दिला. हा निकाल देण्यास धैर्य लागत होते, आणि ते कोर्टाने दाखविले. पण काही दिवसांतच गव्हर्नर-जनरलने वटहुकूम काढून मूळ कायद्यातच दुरुस्ती केली, आणि तीही मागील तारखेपासून. येथे कोणी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. हुकमाखालची जमीनच काढून घेतली. माल्कमच्या उघड विरोधापेक्षा ही युक्ती अधिक सभ्य होती. परिणाम मात्र तोच.

त्याच काळात वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ऑगस्ट १९४२ मध्ये जो उठाव झाला, त्यात व चिमूरच्या उठावात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी जे वाचले, ते १९४५ साली शिक्षा जन्मठेपेत बदलल्यामुळे. तो बदल न्यायासनाच्या निकालाने झाला नाही. लोकमताच्या रेट्याने व राज्यकर्त्यांच्या दयेने झाला. न्यायाचा मार्ग संपल्यावर दयेचा मार्ग सुरू होतो, आणि दया हा हक्क नसतो.

स्वतंत्र हिंदुस्थानात ह्या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारतींच्या खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी असे ठरविले की, संसदेला घटना बदलता येते, पण तिचा मूळ ढाचा मोडता येत नाही. राज्यासनाच्या अधिकाराला न्यायासनाने घातलेली ही सर्वांत मोठी मर्यादा. तिला पुरी तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ह्याच न्यायालयावर स्वतःची परीक्षा देण्याची पाळी आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली व हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. हेबिअस कॉर्पसचा अर्ज अशा वेळी ऐकता येतो काय, हा प्रश्न आला. नऊ हायकोर्टांनी, येतो, असे म्हटले. त्यांत मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठही होते. येथे आमच्या ह्या भागातील वाचकांनी क्षणभर थांबावे. जे न्यायासन आपल्याला सर्वांत जवळचे, त्याने त्या दिवसांत दरवाजा उघडा ठेवला होता. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने तो लावून घेतला. त्या चौघांत पुण्यास जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड हेही एक होते. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध मत देते झाले, आणि पुढल्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीश करण्यात आले. खन्नांनी राजीनामा दिला. माणसाळलेल्या हत्तींची एलेनबरोची कल्पना दीडशे वर्षांनी पुन्हा आठवावी असाच हा प्रकार. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो १९७६ चा निकाल चुकीचा म्हणून रद्द ठरविला. त्या पीठातील मुख्य निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड ह्यांनी लिहिले. पित्याच्या मताचे परिमार्जन पुत्राने न्यायासनावरून करावे, असे उदाहरण इतिहासात विरळा.

१९७६ च्या न्यायालयाला कोणती मर्यादा आडवी आली? ग्रँटला हद्द आडवी आली. ग्वायरला वटहुकूम आडवा आला. १९७६ साली बाहेरचे असे काहीच आडवे आले नव्हते. अधिकार होता, सनद होती, खालच्या नऊ न्यायालयांची साक्ष होती. जी मर्यादा पडली ती न्यायाधीशांच्या मनाची. आम्हांस वाटते, न्यायासनाच्या सर्व मर्यादांत हीच सर्वांत घातक. कारण ती कोणत्याही दुरुस्तीने पुसता येत नाही.

अलीकडचे एक उदाहरण देऊन हा विषय आवरता घेऊ. महाराष्ट्रातील सत्तांतराच्या प्रकरणात ११ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले की, जून २०२२ मध्ये राज्यपालांनी विधानसभेत बहुमत सिद्ध करण्यास सांगितले ते समर्थनीय नव्हते; तथापि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्या परीक्षेस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत बसविता येणार नाही. आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्नही त्यांनी विधानसभेच्या अध्यक्षांकडे सोपविला. ह्या निकालावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. त्यात शिरण्याचे आम्हांस कारण नाही. न्यायालय चूक झाली असे सांगू शकते. पण झालेला काळ ते परत आणू शकत नाही, आणि जे काम घटनेने दुसऱ्या कोणास दिले आहे ते आपल्या हाती घेण्यास ते कचरते. ही मर्यादा त्याने स्वतः ओढून घेतलेली आहे. ती योग्य ठिकाणी ओढली की अयोग्य, ह्यावर वाद होऊ शकेल. पण न्यायासनाने कोठे तरी थांबलेच पाहिजे, हे दोन्ही पक्षांस मान्य व्हावे.

येणेप्रमाणे पाहता, आरंभी सांगितलेल्या दोन्ही समजुती टिकत नाहीत. न्यायासन सर्वसमर्थ नाही. त्याच्या हातात ना फौज, ना तिजोरी; सर्व अधिकाऱ्यांनी सुप्रीम कोर्टास साहाय्य करावे असे घटनेच्या १४४ व्या अनुच्छेदात लिहिले आहे खरे, पण ते साहाय्य करणारे हात अखेर सरकारचेच. आणि न्यायासन निव्वळ शोभेचेही नाही. तसे असते तर माल्कमला इतके घाबरण्याचे, व इतक्या राज्यकर्त्यांना आपल्या सोयीची माणसे न्यायासनावर बसविण्याचे कारणच पडते ना. मग त्याचे बळ कशात? आमच्या मते ते लोकांच्या मनात आहे. सरकारला निकाल न पटूनही मानावा लागतो, तो न मानल्यास लोक काय म्हणतील ह्या धाकाने. हा धाक ज्या समाजात जिवंत असतो तेथे एकट्या ग्रँटला कोर्ट बंद करण्याची वेळ येत नाही, आणि जेथे तो मेला तेथे तेरा न्यायाधीशही काही करू शकत नाहीत.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांनी निकालाची बातमी वाचताना आपला पक्ष जिंकला की हरला एवढेच पाहू नये. न्यायाधीशाने अधिकार कोठून घेतला, कोठे थांबला, आणि ज्याचे गाऱ्हाणे होते त्या माणसाचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न विचारावे. १८२८ साली पुण्यात हा तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही. आजच्या दिवसांत तो विचारला जातो की नाही, ह्यावरून आमच्या न्यायव्यवस्थेची व आमचीही पारख होईल.